माझ्याच फोनची परवानगी

मी हजर होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच एका गोष्टीवर उभं आहे.

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजने कागदावरची हजेरी बंद केली. तास सुरू झाला की सर पडद्यावर एक काळापांढरा चौकोन दाखवायचे. आपण आपल्या फोनमधलं कॉलेजचं अ‍ॅप उघडायचं आणि तो चौकोन टिपायचा. फोन वाजला की आपण हजर. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही, हा नियम पहिल्यापासूनच होता.

दिवाळीपर्यंत माझं नीट चाललं. सुट्टी संपून पहिल्या दिवशी वर्गात बसले आणि अ‍ॅप उघडेना. रातोरात त्याची नवी आवृत्ती आली होती. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. त्यांचा अर्थ एवढाच होता की तुमच्या फोनची सिस्टीम जुनी आहे, ती नवी करून घ्या. मी सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, तर फोन म्हणत होता की यापेक्षा नवी सिस्टीम नाहीच. हा फोन मी आठवीत असताना घेतला होता, शाळा बंद होऊन शिकवणं मोबाइलवर आलं त्या वर्षी. त्याचा पडदा धड होता, कॅमेरा धड होता, बटणं धड होती. बॅटरी तेवढी लवकर उतरायची. कंपनीने मात्र दोन वर्षांतच त्याच्याकडे पाहणं सोडून दिलं होतं.

तास संपल्यावर मी सरांकडे गेले. मला कुणाशी पटकन बोलता येत नाही. वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिल्याशिवाय तोंडातून निघत नाही.

"सर, माझी हजेरी लागत नाही. पण मी आहे."

"आहेस ते दिसतंय मला," सर म्हणाले. "मला दिसून काय उपयोग? सिस्टीमला दिसली पाहिजेस."

"कागदावर लिहून घेता का, सर?"

"कागद बंद झाला ना आता. फोन बदल एखादा. मागे लागून घे घरच्यांकडून."

मी "हो सर" म्हणाले. अशा वेळी दुसरं काय म्हणायचं असतं, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. कॉलेजची पायरी चढलेली आमच्यात मीच पहिली. बाबा त्याच जिल्ह्यात, धाड गावाजवळच्या आमच्या खेड्यात भाजी लावतात. मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. फोन बदलण्यासारखी परिस्थिती नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते पटतही नव्हतं. चालता फोन का बदलायचा?

त्यातून रोज डोळ्यांसमोर एक गोष्ट घडत होती, ती फार लागायची. मागच्या बाकावरचा एक मुलगा मित्रांचे चार फोन खिशात घेऊन यायचा. चौकोन आला की चारही फोन एकामागून एक पुढे करायचा. ते चौघे तेव्हा बसस्टँडवर चहा पीत असायचे, आणि त्यांची हजेरी पूर्ण भरत होती. मी पहिल्या बाकावर बसून फळा उतरवून घेत होते आणि माझ्या नावापुढे रोज फुली पडत होती.

कॉलेजच्या लॅबमध्ये शोधता शोधता मला कळलं की जुन्या फोनसाठी वेगळ्या सिस्टीम मिळतात. कंपनीने टाकून दिलेल्या मॉडेलसाठी जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून नवी सिस्टीम तयार करतात आणि कुणालाही फुकट देतात. त्या यादीत माझ्या फोनचं मॉडेल होतं. मी ते नाव आणि नंबर तीन वेळा ताडून पाहिला. कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाने माझ्या फोनसाठी एवढं काम करून ठेवलंय, याचं मला फार नवल वाटलं. आणि बरंही वाटलं.

मग मी पहिली पायरी वाचली. बूटलोडर उघडा.

बूटलोडर म्हणजे फोन चालू केल्यावर सगळ्यांच्या आधी जागा होणारा एक छोटा प्रोग्राम. कुठली सिस्टीम आत येऊ द्यायची हे तो ठरवतो. कंपनी त्याला कुलूप लावून फोन विकते. कुलूप असेपर्यंत कंपनीची सोडून दुसरी कुठलीच सिस्टीम फोनवर चढत नाही. हे कुलूप काढायचं तर कंपनीकडे अर्ज करायचा. फोनमध्ये कंपनीचं खातं उघडायचं, सिम आत ठेवायचं, सिमच्या इंटरनेटवरून फोन खात्याला जोडायचा, आणि मग थांबायचं. एकशे अडुसष्ट तास. तेवढ्या काळात खात्यातून बाहेर पडायचं नाही आणि सिम काढायचं नाही. काढलं तर मोजणी पुन्हा पहिल्या तासापासून.

एवढं का थांबायचं, याचं उत्तर तिथे एका ओळीत होतं. तुमच्या सुरक्षेसाठी. ज्या कंपनीने चार वर्षांत या फोनला सुरक्षेची एक दुरुस्ती पाठवली नव्हती, तिला आता माझ्या सुरक्षेची आठवण झाली होती.

मी अर्ज केला. बटण दाबल्यावर तास उलटे मोजायला लागले. मला वाटलं, सात दिवस म्हणजे काय, निघून जातील.

आमच्या घरात सिम एकच. ते बाबांच्या नावावर आहे आणि तो नंबर गावातल्या जीपवाल्यापासून भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांकडे आहे. एरवी ते माझ्या फोनमध्ये असतं. बाजाराच्या दिवशी मात्र बाबा ते आपल्या बटणाच्या फोनमध्ये टाकून नेतात, कारण त्याची बॅटरी दोन दिवस टिकते. पहाटे जीपवाला त्यावर फोन करतो, निघालो म्हणून. मग बाबा भाजीच्या पेंढ्या फाट्यावर नेऊन ठेवतात. सिम काढायचं काम मायचं. फोनबरोबर आलेली पिन कधीच हरवली. माय बाभळीचा एक काटा जपून ठेवते, त्याने ती सिमचा खण अलगद बाहेर काढते. तिच्या हाताला ते इतकं बसलंय की दिवाही लावावा लागत नाही.

सात दिवसांत एक बाजार येतोच. हे मला आधी सुचायला हवं होतं. हिशोब इतका सोपा होता की मला अजून स्वतःची लाज वाटते.

बाजारच्या दिवशी मी उठले तेव्हा बाबा निघून गेले होते. फोन हातात घेतला तर वरच्या कोपऱ्यात सिमचं चिन्ह नव्हतं. खातं फोनपासून तुटलं होतं.

"माय, सिम काढलं का तू?"

"हाव. काऊन?"

"काढायचं नव्हतं वं माय या हप्त्यात."

"मले काय मालूम? तू झोपेल व्हती. दर बाजाराले काढतो, मंग म्या काढलं." मग माझ्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली, "खराब झालं का काई?"

"नाही. पुन्हा सात दिवस थांबा लागते."

"मंग थांब. सात दिवसानं काय व्हते," माय म्हणाली आणि चुलीकडे वळली. सात दिवसांनी माझ्या नावापुढे किती फुल्या पडतात, हे मी तिला सांगितलं नव्हतं. तो दोष माझाच.

दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा मी दोघांनाही बजावलं की सिम काढायचं नाही. त्यांनी ते मनावर घेतलं. बाजारच्या दिवशी बाबा सिमसकट माझा मोठा फोनच खिशात घालून गेले. दुपारी घरी आले ते खुशीत.

"सिम काई काढलं नाही बाई म्या," ते म्हणाले. "बॅटरी उतरली नऊ वाजताच. बाजूले मिरचीवाला बसते ना, तो मोठा चांगला मानूस. म्हने, तुमचे फोन येतीन, खोयंबा नको व्हायले. त्यानंच सिम काढून आपल्या फोनात टाकलं. निंगताना वापस टाकून देल्लं बराबर."

मी फोन हातात घेऊन पाहिलं, खातं पुन्हा तुटलेलं होतं. बाबांचा चेहरा हळूहळू उतरला.

"त्यानं काढलं तरी चालत नाही का?"

"नाही बाबा."

ते खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता एक डाव मले नीट समजून सांग. हा फोन कोनाचा?"

"आपला."

"इकत घेतला का भाड्यानं हाय?"

"विकत घेतला."

"मंग त्याच्यात काई करायचं तं इचारा कोनाले लागते?"

"कंपनीले."

"ते काऊन?"

मी बूटलोडर समजावून सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा नीट जमलं नाही. दुसऱ्यांदा मी म्हणाले, फोनच्या दारात एक राखणदार बसवलाय. तो आपल्या घरात बसतो, पण ऐकतो कंपनीचं.

"म्या दोन बैल इकले आजवर," ते म्हणाले. "बैल इकला का धनी आपलं दावं सोडून घेते, ते त्याचं असते. रीतच हाय ती. पन दुसऱ्या दिशी तो घेनाऱ्याच्या वावरात येऊन म्हनत नाही, का मले इचारल्याबिगर औताले जुपू नको. असं कोनी केलं तं बाजारात लोकं उभं करनार नाहीत त्याले." मग माझ्याकडे पाहून, "आन सात दिवस थांबा म्हनते?"

"हाव."

"लय झालं हे."

बाबा रागावलेले मी फार कमी वेळा पाहिले आहेत. तेव्हाही त्यांचा आवाज चढला नव्हता. पण मी एवढे दिवस जे मुकाट्याने सोसत होते, ते सोसण्यासारखं नाही, हे मला त्यांच्या तोंडून ऐकल्यावर पहिल्यांदा कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं की मीच कुठेतरी कमी पडतेय.

मग मी त्यांना हजेरीचंही सांगितलं. फुल्या, पंच्याहत्तर टक्के, परीक्षेचा फॉर्म, सगळं.

तिसऱ्या वेळी बाबा बाजाराला फोनशिवाय गेले. सिम माझ्या फोनमध्ये आणि फोन माझ्या उशाशी. जीपवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की फोन करू नको, मी फाट्यावर उभा राहतो. पण त्या पहाटे जीपवाल्याचा रस्ता बदलला. त्याने फोन केला, तो माझ्याकडे वाजला, तोवर बाबा फाट्याकडे निघून गेले होते. मी धावत गेले. जीप दुसऱ्या रस्त्याने गेली हे मी त्यांना सांगितलं. दोघांनी मिळून पेंढ्या एसटीच्या थांब्यावर नेल्या. पहिली एसटी भरून आली. दुसरीचा कंडक्टर म्हणाला, "काका, हा पॅसेंजरचा डबा हाय, भाजीचा टेम्पो नाही." शेवटी तिसऱ्या गाडीने बाबांना घेतलं.

ते घरी आले तेव्हा मी दारातच उभी होते. मेथीने मान टाकली होती, म्हणाले, उशीर झाला की ती राहत नाही. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "सिम हाय ना जागेवर?"

"आहे बाबा."

"मंग झालं."

झालं नव्हतं. एका कंपनीच्या एका नियमापायी माझ्या बापाने भाजीच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन तीन गाड्या पाहिल्या होत्या. तो नियम लिहिणाऱ्याला हे कधी कळणार नाही. घरातल्या प्रत्येकाकडे आपापलं सिम असतं, असं धरून तो लिहिलेला आहे. मला त्या दिवशी त्या न पाहिलेल्या माणसाचा इतका राग आला की रडू आलं. दोन्हींत फरक करता येईना.

एकशे अडुसष्ट तास पूर्ण झाले त्या दिवशी मी कॉलेजनंतर मैत्रिणीच्या खोलीवर गेले. ती बुलढाण्यातच भाड्याने राहते आणि तिच्याकडे तिच्या मामाचा जुना लॅपटॉप आहे. कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी फोटो लॅपटॉपवर घेतले.

"मेला तं?" मैत्रिणीने विचारलं.

"कोण?"

"फोन वं. मेला तं बापाले काय सांगशीन?"

"असं नको बोलू ना."

"म्या काई बोलत नाही. तू दाब बटन. मी तिकडं पायतो, मले भेव लागते."

मी बटण दाबलं. फोन बंद झाला, पुन्हा चालू झाला, आणि कंपनीच्या नावाखाली उघड्या कुलपाचं एक लहान चित्र आलं. त्याच्याबरोबर एक इशाराही आला, की हा फोन आता भरवशाचा नाही. पुढचं काम तासाभराचं होतं. नवी सिस्टीम चढली. पहिल्यांदा सुरू व्हायला तिने फार वेळ घेतला. मैत्रीण पोळ्या लाटायला बसली आणि दर पोळीगणिक विचारत राहिली, "आली का शुद्धीवर?"

आली. फोन इतका चपळ चालायला लागला की मी तो हातात घेऊन नुसती इकडून तिकडे बोट फिरवत राहिले. सिस्टीमचा आकडा अ‍ॅपला हवा होता त्याच्याही पुढचा. सुरक्षेची दुरुस्ती त्याच महिन्यातली. मैत्रीण पिठाच्या हाताने टाळी द्यायला आली.

मग मी कॉलेजचं अ‍ॅप टाकलं. ते उघडलं. माझं नाव दिसलं, वर्ग दिसला. आणि त्याच्यावर एक पाटी येऊन बसली: या फोनमध्ये बदल केलेले आढळले आहेत, सुरक्षेच्या कारणास्तव हे अ‍ॅप येथे वापरता येणार नाही.

मी ती मैत्रिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचली.

कुलूप होतं तोवर फोन जुना म्हणून अ‍ॅप चालत नव्हतं. कुलूप काढून फोन नवा केला, तर कुलूप नाही म्हणून चालत नव्हतं. कुलूप परत लावता येईल का, हे मी तिथेच बसून शोधलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं की दुसरी सिस्टीम आत असताना या मॉडेलला कुलूप लावू नका, फोन पुन्हा कधीच सुरू होणार नाही. मैत्रीण लॅपटॉपवर वाचत होती. ती म्हणाली, "अ‍ॅपले फसवता येते म्हने. कुलूप उघडं हाय हे लपवाचं, बस. हे पाय, लोकायनं लिवलं बी हाय कसं करायचं."

मी खूप वेळ विचार केला. मला ते जमलं असतं असं वाटतं. पण मी काही चोरलेलं नव्हतं. माझ्या फोनवर मी मला हवी ती सिस्टीम टाकली, आणि आता ते लपवत फिरायचं? मागच्या बाकावर चार फोन घेऊन बसणारा रोज फसवत होता आणि अ‍ॅपला तो भरवशाचा वाटत होता. मला त्याच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. मी नाही म्हणाले. मैत्रीण म्हणाली, "लय साधी हायस वं तू," आणि माझ्या पानात अजून एक पोळी टाकली.

महिनाभराने गैरहजर विद्यार्थ्यांची यादी लागली. माझं नाव सातवं होतं.

कार्यालयात बाबूंनी मला एक छापील हमीपत्र दिलं. त्यावर लिहिलं होतं: मी माझ्या निष्काळजीपणामुळे वर्गात गैरहजर राहिलो/राहिले, मला माझी चूक मान्य आहे. खाली पालकांच्या सहीची जागा. मी फोनचं सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं.

"हे बघा, इथं फोनसाठी रकाना नाही. सही आना, प्राचार्य पाहतील, परीक्षेले बसाल. दरवर्षी पोरं देतात. कोनी वाचत बी नाही हे."

मी कागद घरी नेला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरून हळूहळू वाचला. माय भाकरी थापत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून बाबा तिच्यासाठी मोठ्याने वाचत होते. निष्काळजीपणामुळे या शब्दावर ते अडखळले.

"देऊन टाकतो सही," बाबा शेवटी म्हणाले. "कागदानं काई व्हत नाही बाई. परीक्षा तं देशीन."

मला बाबांचा राग आला नाही. कचेरीत कागद पुढे आला की सही करून मोकळं व्हायचं, हे ते आयुष्यभर करत आलेत. मीही पेन शोधायला उठले होते.

"थांबा," माय म्हणाली. "काय लिवलं त्याच्यात? कालेजात नव्हती ही?"

"तसंच लिवते ते. समद्याइले तेच देते."

"रोज पाच वाजता उठून म्या डबा कोनाले देल्ला मंग?" तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. "ही जर कालेजात नव्हती, तं पोरगी कुठं जात व्हती रोज? उद्या कोनी तो कागद वाचला तं काय म्हनन? बाप बी म्हनते नव्हती म्हनून, सही हाय त्याची."

बाबांनी कागद खाली ठेवला. मायच्या म्हणण्यातली दुसरी बाजू माझ्या मनातही आली नव्हती. आमच्या गावात एसटीने रोज बाहेर जाणाऱ्या मुलीबद्दल असा एक कागद, तिच्या बापाच्या सहीचा, काय करू शकतो, हे तिला लगेच दिसलं होतं. सहीने मला परीक्षेला बसता आलं असतं, पण त्यासाठी मी खोटं बोलून घराबाहेर राहत होते असं लिहून द्यायचं होतं. आणि मी तर पहिल्या बाकावर होते.

मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. चार वेळा लिहिला. पहिल्या तीन अर्जांत 'कृपया', 'क्षमस्व' आणि 'नम्र विनंती' इतक्या वेळा आले होते की मूळ गोष्ट सापडत नव्हती. चौथ्यात मी लिहिलं की मी सर्व तासांना हजर होते. माझा फोन जुना झाल्यामुळे आणि नंतर त्याची सिस्टीम मी बदलल्यामुळे अ‍ॅपमध्ये नोंद झाली नाही. सिस्टीम बदलणं हा गुन्हा नाही. सोबत माझी प्रॅक्टिकलची वही जोडत आहे, तिच्यात प्रत्येक तारखेला सरांची सही आहे. बाबांनी त्या अर्जाखाली सही केली. ती त्यांनी फार सावकाश केली.

अर्ज आणि वही मी प्राचार्यांच्या खोलीत नेऊन त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी अर्ज वाचला, वही उघडली, आणि सरांना बोलावून घेतलं.

"ही सही तुमची?"

"हो सर."

"ही?"

"हो, माझीच."

"मग ही मुलगी प्रॅक्टिकलला होती."

"प्रॅक्टिकलला होती ना सर. रोजच असते." सर माझ्याकडे पाहायचं टाळत होते. "पण सिस्टीममध्ये..."

"सिस्टीमचं राहू द्या. तुम्ही पाहिलं का हिला?"

"पाहिलं."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मला हलकं वाटेल. उलट इतका वेळ दाबून धरलेला राग वर आला. सरांनी मला पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. हे एक वाक्य त्यांना दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशीही बोलता आलं असतं. तेव्हा बोलले असते, तर मला माझ्याच फोनसाठी कंपनीपुढे तीन वेळा हात जोडावे लागले नसते.

"सर," मी म्हणाले. ते वाक्य मी मनात म्हणून पाहिलं नव्हतं. "माझ्यासारखे अजून असतील. त्यांच्यासाठी कागद ठेवा ना एक वर्गात."

प्राचार्यांनी मान वर केली. अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं: परीक्षेस बसू द्यावे. त्याखाली दुसरी ओळ लिहिली: विद्यार्थिनीने पुढील सत्रापूर्वी योग्य फोनची व्यवस्था करावी.

बाबूंनी तो कागद रजिस्टरमध्ये नोंदवून माझ्यापुढे सरकवला. "इथं लिहा, मान्य, आन सही करा."

मी प्राचार्यांच्या दोन्ही ओळी वाचल्या. पहिलीसाठी मी आले होते. दुसरीत माझा फोन पुन्हा अयोग्य झाला होता.

"दोन्ही ओळींसाठी एकच सही का?" मी विचारलं.

"एकच असते. लिहा लवकर, मागं रांग हाय."

मी लिहिलं: पहिली ओळ मान्य. आणि खाली सही केली. बाबूंनी कागद उलटा फिरवून वाचला, चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "असं कोनी लिहीत नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि परीक्षेचा फॉर्म मागितला.